पीळ

वासंती,

भेटायला येणारा प्रत्येक जण मला सांगतो की तू शांतपणे गेलीस. पहिले चार दिवस मी मान हलवली. पाचव्या दिवशी शेजारचे वर्माजी सोफ्यावर बसून म्हणाले, "भाभीजी बड़ी शांति से गईं, क़िस्मतवाली थीं," तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "शांति से नहीं गईं, वर्माजी. काम बीच में छोड़कर गईं, और बहुत नाराज़ होकर गईं." बिचाऱ्यांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. ऋचा माझ्यावर चिडली. "पापा, लोग तसल्ली देने आते हैं और आप लड़ने बैठ जाते हैं!" आपण दोघं लेकीशी जन्मभर मराठीत बोललो, तिने जन्मभर हिंदीत उत्तरं दिली, आणि भांडतानाही तिने हा नियम मोडला नाही.

पण मी खोटं का बोलू? मी तिथे होतो. शुक्रवारची सकाळ. गॅसवर तुझा तो स्क्रूंचा तवा, स्क्रूंभोवती तार गुंडाळलेली, तव्याची कड लालसर व्हायला आलेली. तू ओट्याला धरून खाली बसलीस. मी धावत आलो आणि आधी गॅस बंद केला. तुझ्या कपाळावर घाम होता, एक हात छातीवर होता, आणि दुसऱ्या हाताने तू तव्याकडे बोट दाखवत होतीस. "अहो, पाण्यात टाका. आधी ती पाण्यात टाका." मी टाकली नाही. मी फोन शोधत होतो, गाडीची किल्ली शोधत होतो, चपला शोधत होतो. गाडीत तू काहीच बोलली नाहीस. म्हणजे अडतीस वर्षांच्या संसारातलं तुझं शेवटचं वाक्य ही एक सूचना होती, आणि ती मी पाळली नाही.

याला लोक शांतपणे जाणं म्हणतात.

त्या तारेनं आपल्या घरात पाऊल टाकलं ते ऋचाच्या दातांमुळे. ती नववीत होती, दात पुढे आलेले, आणि लखनौच्या आलमबागमधल्या डेंटिस्टकडे आपण तिला तारा बसवायला नेलं होतं. डॉक्टरने बर्फाच्या पाण्यातून एक तार काढली, दोऱ्यासारखी हवी तशी वाकवली, ऋचाच्या दातांवर बसवली आणि म्हणाला, "मुँह की गर्मी से अपने शेप में आ जाएगी, साथ में दाँत भी खींच लाएगी." ऋचा खुर्चीत रडत होती. तू तिचा हात सोडून डॉक्टरला विचारलंस, "और जो पुरानी निकालते हैं, वो फेंक देते हैं क्या?" तो हो म्हणाला. पुढच्या महिन्यात तू जुनी तार रुमालात बांधून घरी आणलीस, उकळून घेतलीस, बर्फाच्या पाण्यात तिचं वेटोळं केलंस, आणि मी पेपर वाचत असताना ते वेटोळं माझ्या चहात टाकलंस. तार चहात उसळली, क्षणात कमानीसारखी झाली, आणि माझा ऑफिसला जायचा शर्ट गेला. तू टाळ्या वाजवत होतीस. "आठवलं तिला! बघा, तिला आठवलं!"

तेव्हापासून आपलं भांडण. मी म्हणालो, धातूला आठवण नसते. आतल्या अणूंची मांडणी थंडीत एक असते, उष्णतेत दुसरी. गरम झालं की ती उष्णतेतली मांडणी परत येते, संपलं. आठवण कसली त्यात? शाळेतल्या मुलींना खोटं शिकवू नकोस. तू म्हणालीस, "बरं, मग तुम्ही शब्द द्या." मी रात्रभर नाही, पण बराच विचार करून "आकार-पुनःप्राप्ती मिश्रधातू" असा शब्द दिला. तू पोट धरून हसलीस. "अहो, एवढं म्हणेपर्यंत तास संपेल माझा!" मग गंभीर होऊन म्हणालीस, "आणि आपल्या डोक्यात तरी काय असतं? मिठाचं पाणी आणि थोडी वीज. त्याला चालते ना तुमची आठवण?" त्याचं उत्तर मी आता तीन आठवडे शोधतोय. अजून सापडलेलं नाही, पण सापडेल, आणि सापडलं की मी तुला सांगणार आहे.

शाळेत तू ती तार पहिल्यांदा नेलीस त्या दिवशीची गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितलीस की ती मी स्वतः पाहिली असं वाटतं. आठवीच्या मुलींसमोर तू म्हणालीस, "यह तार बड़ी ज़िद्दी होती है." वर्गात खसखस पिकली. पुढच्या बाकावरची एक मुलगी अदबीने उभी राहिली. "मैडम, तार होती नहीं, होता है." मराठीतली ती तार हिंदीत तो तार होते, हे आपल्यासारख्यांना लखनौमध्ये तीस वर्षं काढूनही ऐन वेळी आठवत नाही. माझ्या ऑफिसात असं काही झालं की मी कान लाल करून "सॉरी" म्हणायचो. तू म्हणालीस, "दुनिया का होता होगा. मेरी वाली होती है." आणि त्या खोलीत ती तार कायमची ती झाली. मुलीसुद्धा तसंच म्हणायला लागल्या. हिंदीच्या बाईंनी तक्रार केली, तर तू त्यांनाच चहा पाजून आलीस.

शनिवारचे शेवटचे दोन तास आणि मागच्या अंगणाकडची ती खोली, एवढंच तुला मिळालं होतं. निवृत्त झाल्यावरही तू ते सोडलं नाहीस. त्या खोलीत आपोआप आकार बदलणारी प्रत्येक गोष्ट जमा होत गेली. कचनारच्या, म्हणजे आपल्या कांचनाच्या, वाळक्या शेंगा, वाळताना पीळ घेणाऱ्या आणि पाण्यात टाकल्या की मुकाट्याने सरळ होणाऱ्या. जुन्या इस्त्रीतल्या दोन धातूंच्या पट्ट्या, तापल्या की वाकणाऱ्या. त्यांच्यासाठी तू मला अमीनाबादच्या गर्दीत पिशवी धरून हिंडवलंस. इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "बहनजी, इस्तरी कहाँ है?" तू म्हणालीस, "इस्तरी नहीं चाहिए, उसका दिमाग़ चाहिए." तो माझ्याकडे दयेने बघत होता. आणि पापड. माणूस पापड खातो. तू तो तळताना कोणत्या बाजूला आधी वळतो याची वहीत चित्रं काढायला लावायचीस.

तुझी पद्धत मला कधीच पटली नाही, हे आता स्पष्टच लिहितो. मी पडलो इंजिनिअर. आधी तत्त्व सांगावं, मग प्रयोग दाखवावा, म्हणजे बघणाऱ्याला काय बघायचं ते कळतं. तुझं उलटं. आधी वस्तू हातात. मोडू दे, ओली होऊ दे, तोंडात घालू नका एवढंच. आणि मग तुझा तो जगावेगळा नियम: तीन चुकीची उत्तरं आल्याशिवाय बरोबर उत्तर सांगायचं नाही. ती चुकीची उत्तरं तू फळ्यावर लिहायचीस, खाली त्या मुलीचं नाव, आणि ती पुढच्या शनिवारपर्यंत पुसायची नाहीत. गेल्या वर्षी मी एकदा तुला घ्यायला आलो तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत: "फली को प्यास लगती है. — सबा." मी हादरलो. पोरीची चूक आठवडाभर वेशीवर टांगायची? तू म्हणालीस, "तिला विचारा." ही सबा म्हणजे एक ठेंगणी, चष्मेवाली मुलगी. ती छाती काढून म्हणाली, "सर, मेरा वाला सबसे ऊपर है." चुकीचं उत्तर सर्वात वर असल्याचा अभिमान मी तोवर कुठे पाहिला नव्हता. आमच्याकडे चूक झाली की लोक फाइल दुसऱ्याच्या टेबलावर सरकवतात.

आता त्या माशांकडे येतो. टाळून चालणार नाही.

लखनौला येण्याआधी, दुसऱ्या गावी बदलीवर असताना, मी रेल्वेच्या डब्याखालचा पाइप धरणाऱ्या ब्रॅकेटचं एक ड्रॉइंग केलं होतं. जुना ब्रॅकेट हादऱ्यांनी वेल्डिंगपाशी तडकतो असं माझं म्हणणं होतं. ते वरून तीन ओळींत नाकारलं गेलं. त्यांनी जुनंच ड्रॉइंग पुढे केलं आणि त्यावर माझी सही मागितली. मी केली. माझं ड्रॉइंग पत्र्याच्या नळीत घालून ठेवलं आणि ते आपल्याबरोबर मानक नगरच्या क्वार्टरमध्ये आलं. नऊ वर्षं ती नळी कपाटावर होती. एका संध्याकाळी मी घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर माझ्या ट्रेसिंग पेपरचे पन्नास-साठ मासे कापून ठेवलेले. कुणाच्या पोटावर माझी मापं, कुणाच्या शेपटीवर अर्धा बाण. मी तोंड उघडायच्या आत तू एक मासा माझ्या तळहातावर ठेवलास. हाताच्या घामाने कागदाची खालची बाजू फुगली आणि माशाने डोकं आणि शेपूट वर उचललं. "बघा, जिवंत झाला!"

मी तो झटकून टाकला. आवाज चढला. ऋचा आतल्या खोलीत गेली. मी म्हणालो, विचारायचं तरी होतंस. ते मी अजूनही म्हणतो, विचारायचं होतंस. तुझी चूकच होती ती. पण तू माफी मागायच्या ऐवजी शांतपणे कात्री खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "नऊ वर्षं नळीत पडलेला कागद होता. आज पहिल्यांदा कुणाच्या हातात गेला." मग थोड्या वेळाने, "तुमचं बरोबर होतं ना? मग सही का केलीत?" मी म्हणालो, नोकरी होती. मोठ्यांशी वैर घेऊन कुणाचं भलं झालंय? तू म्हणालीस, "भांडू नका, पण मनातून तरी परत यायचं होतं जागेवर. तुम्ही वाकलात ते वाकलातच. पीळच नाही तुम्हाला."

मला ते लागलं. मी म्हणालो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण लोक नाक मुरडून वापरतात, कौतुकाने नाही. तू म्हणालीस, "लोकांचं लोकांपाशी. मला कुणी असं म्हटलं तर मी पेढे वाटीन."

आठ दिवस आपण बोललो नाही. नवव्या दिवशी तू भेंडीची भाजी जरा जास्तच चांगली केलीस, मी ती दोनदा वाढून घेतली, आणि विषय संपला असं दोघांनीही धरलं. संपला नव्हता. माझ्या छातीत तो शब्द तेव्हापासून आहे. तू कधी परत म्हणाली नाहीस, मी कधी परत विचारलं नाही, आणि मासे मात्र दर वर्षी नव्या मुलींच्या तळहातावर डोकी वर काढत राहिले.

तवा मीच करून दिला होता, हे विसरू नकोस. पद्धतीशी भांडण होतं, तुझ्याशी नव्हतं. तुला बाजारातून नवी तार मिळाली होती आणि तिला आपल्या मनासारखं वळण लावायचं होतं. पोरांना वळण लावतात तसंच, तू म्हणायचीस, घट्ट धरायचं, तापवायचं आणि वेळेवर गार करायचं. मी पोळ्यांचा जुना लोखंडी तवा घेतला, त्याला ओळीने भोकं पाडली, स्क्रू बसवले. हवा तो आकार स्क्रूंभोवती तारेने गुंडाळायचा, तवा कडक तापवायचा आणि तार पटकन पाण्यात टाकायची. मग ती कितीही सरळ करा, गरम पाणी लागलं की त्या आकारात येते. मी म्हणत होतो, तापमान मोज, पाचशे अंश लागतात. तू कडेचा रंग बघून सांगायचीस. दहातल्या आठ तारा जमायच्या. मला त्या दोनांचा राग यायचा, तुला आठांचा आनंद व्हायचा.

चौथ्या दिवशी ऋचाने स्वयंपाकघर आवरलं. दुपारी मी ओट्यापाशी गेलो तर तवा घासूनपुसून रॅकवर उभा. स्क्रू एका वाटीत. मी विचारलं, यावर तार होती ना? ती म्हणाली, "हाँ, निकाल दिया पापा. तार सीधा करके डिब्बे में रख दिया. टेढ़ा-मेढ़ा पड़ा था." मी एवढा ओरडलो की तिचे डोळे भरले. तिचा काय दोष? तिने आईची वस्तू जपूनच ठेवली होती. पण त्या तव्यावर तू शेवटचा कुठला आकार गुंडाळला होतास ते मी घाईत पाहिलं नव्हतं आणि आता पाहता येणार नव्हतं. डब्यात हातभर सरळ तार होती, बस. आणि मी ती पाण्यात टाकली नव्हती, त्यामुळे तिने काही धरलं असेल याचीही खात्री नव्हती. मी डबा कपाटावर ठेवला. नळी असायची त्याच जागी.

मग शाळेत तुझी शोकसभा झाली. हॉलमध्ये तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार, फोटोत तू कुणालातरी दटावतेयस असं वाटत होतं. मुख्याध्यापिका, तुमच्या मोठ्या मॅडम, खरंच चांगलं बोलल्या. त्यांचा आवाजही भरून आला. शेवटी त्या म्हणाल्या की मागची खोली आता स्मार्ट क्लास होणार आहे, मोठा पडदा लागणार आहे, आणि दारावर तुझ्या नावाची पितळी पाटी बसवणार आहेत. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, कारण टाळ्या वाजल्या की माझे हात आपोआप वाजतात. तेवढ्यात क्लार्क वाकून माझ्या शेजारी आला. त्याच्या हातात एक कागद होता. त्यावर यादी: ट्रे, बाटल्या, इस्त्रीच्या पट्ट्या, शेंगा एक पोतं. "सर, मैडम का सामान घर भिजवा देंगे. बस यहाँ साइन कर दीजिए कि मिल गया."

मी पेन हातात घेतलं होतं, वासंती. हे तुला सांगितलंच पाहिजे. टोपण काढलं होतं.

माझ्या खिशात आभाराचं भाषण होतं, अर्ध्या पानाचं. मला दोन शब्द बोलायला बोलावलं तेव्हा मी तो सही न केलेला कागद हातात धरूनच माइकपाशी गेलो. म्हणालो, "मैडम, नेमप्लेट मत लगवाइए. उन्हें पीतल पसंद नहीं था, काला पड़ जाता है. मुझे शनिवार दे दीजिए." मोठ्या मॅडमना वाटलं मला दुःखाने काही सुधरत नाहीये. त्या मायेने म्हणाल्या, "सर, हम समझते हैं. लेकिन यह सब तो सिलेबस में है नहीं, और मैडम के बाद पढ़ाएगा कौन?"

"मैं," मी म्हणालो.

"आप? आपने कभी बच्चों को..."

"कभी नहीं. और उनका तरीक़ा मुझे ग़लत लगता था, यह भी बता दूँ. फिर भी मैं. यह काग़ज़ मैं साइन नहीं करूँगा. सामान यहीं रहेगा."

माझा आवाज फाटला होता. कुणाला तो रडण्याचा वाटला असेल, पण मी चिडलो होतो. तुझ्यावर, मोठ्या मॅडमवर, त्या झेंडूच्या हारावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, की हे करायला मला सत्तरी गाठावी लागली आणि तू ते बघायला नाहीस. मागच्या रांगेत आधी एक मुलगी उभी राहिली, चष्मेवाली. मग तिच्या शेजारची. मग सगळी रांग. नुसत्या उभ्या. मोठ्या मॅडमनी मुलींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा. एक महीना देखते हैं." क्लार्कला मी कागद सही न करताच परत दिला. गाडीत बसल्यावर ऋचा म्हणाली, "मम्मी होतीं ना, तो उछल पड़तीं." आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती जी रडली, ती तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा.

पहिल्या शनिवारी मी तयारीनिशी गेलो. तक्ता केला होता. गरम अवस्थेतली अणूंची मांडणी निळ्या रंगात, थंड अवस्थेतली लाल. सरळ रेषा, सारखी अंतरं. तू पाहिला असतास तर नावं ठेवली असतीस, पण तक्ता उत्तम होता. मी तो भिंतीला लावला आणि पट्टी उचलली. "तो बच्चियो, सबसे पहले सिद्धांत." सबाने हात वर केला. "सर, मैडम पहले नहीं बताती थीं."

"मैं मैडम नहीं हूँ."

"जी सर. मगर कमरा तो उन्हीं का है."

उलटून बोलावं तर आवाजात इतकी अदब, की रागवायला जागा नाही. ही तुझीच शिकवण. मी तक्ता उतरवला, गुंडाळला आणि स्टुलावर बसलो. आता हातात काय द्यावं? पिशवीत घरून आणलेला तो डबा होता. का आणला होता ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी सरळ तार काढून टेबलावर ठेवली. म्हणालो, ही मॅडमनी शेवटची केलेली. कुठला आकार होता ते मला माहीत नाही, कुणालाच नाही. आणि माझ्याकडून ती वेळेवर गार झाली नाही, तेव्हा बहुतेक काहीच होणार नाही.

मुली तारेभोवती गोळा झाल्या. कुणी हात लावत नव्हतं. मग सबा फळ्यापाशी गेली, खडू घेतला. "पहले तीन जवाब." एक म्हणाली, "मैडम के नाम का 'व' बनेगा." फळ्यावर गेलं. दुसरी म्हणाली, "कचनार की फली." तेही गेलं, खाली नाव. तिसरं येईना. सबा माझ्याकडे वळली. "सर, आप बताइए."

मी म्हणालो, मैं तो बता चुका. कुछ नहीं बनेगा. धातु को कुछ याद नहीं रहता.

तिने ते लिहिलं. मग खडू माझ्यापुढे धरला. "नाम आप लिखिए, सर. नाम ख़ुद लिखना पड़ता है."

मी लिहिलं. फळ्यावर, माझ्या अक्षरात, माझं पूर्ण नाव.

चौकीदाराकडून किटली आणली होती. तार स्टीलच्या परातीत ठेवली आणि सबाने वरून गरम पाणी ओतलं. आधी काहीच झालं नाही. मी त्या क्षणी किती जोरात मनात म्हणत होतो की मी चुकीचा ठरू दे, ते तुला कधी कळणार नाही. मग तार एका टोकाला हलली. वळली. पोट आलं, डोकं आलं, दोन्ही बाजू पुढे जाऊन एकमेकींवरून गेल्या. शेपूट अर्धंच आलं, एक बाजू उघडीच राहिली. ती माझ्या चुकीमुळे, पाण्यात टाकली नाही म्हणून. पण ओळखायला काही अडचण नव्हती. माझ्या ट्रेसिंग पेपरच्या माशांना तू जी जरा फुगीर पोटं काढायचीस, तेच पोट होतं.

मासा, वासंती. इतकी वर्षं झाली त्या भांडणाला, आणि तू अजून माफी मागितली नाहीस! छातीत कळ येत असताना ओट्यापाशी उभी राहून तू मासा केलास.

मी हसायला लागलो. आधी हसलो, मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कुणीतरी स्टूल पुढे केलं, कुणीतरी पाण्याचा ग्लास. सबा तेवढी परातीपाशीच होती, वाकून, चष्म्यावर वाफ धरलेली. तिने मान वर करून मला सांगितलं,

"सर, लौट आई."

हिंदीत तार लौट आता है. मी तिला दुरुस्त केलं नाही.

घाटावर तुझं सगळं जळालं, मी समोर उभा होतो. सुंभ जळला. पिळाचं तू बघूनच घेतलंस. धातूला आठवण असते हे मला अजूनही मान्य नाही, आणि त्यावर आपलं बोलणं व्हायचं आहे. पण ते माझं उत्तर माझ्या सहीनिशी फळ्यावर आहे, चुकीच्या तिघांत, शनिवारपर्यंत कुणी पुसायचं नाही असा नियम आहे. मी सोमवारी मुद्दाम बघून आलो. कुणी पुसलेलं नाही.